राक्षसमारांचं पथक कसं उभं करावं: काल्पनिक शहर रचणाऱ्या नवख्यांसाठी

फॅन्टसी लिहायला बसलेला नवखा लेखक राक्षस मारणाऱ्यांचं पथक रचायला घेतो, तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा काळ्या झग्यापासून होते. मग येते चांदीची तलवार, मग छातीवरचं चिन्ह, मग घनगंभीर शपथ. वही भरते, पण गोष्ट जागची हलत नाही. कारण हे लोक सकाळी उठून नेमकं करतात काय, त्यांचा पगार कोण देतं आणि शहर त्यांना का सहन करतं, हे त्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांना आणि टेबलाभोवती चार मित्र जमवून रोल-प्लेइंग (पात्रं वठवण्याचा) खेळ चालवणाऱ्यांना, दोघांनाही पुढचा क्रम उपयोगी पडेल: आधी राक्षस, मग शहर, मग पैसा, मग माणसं, आणि झगा अगदी शेवटी. सोबत उदाहरणादाखल एक शहर रचत जाऊ. त्याचं नाव खारवेस. खाडीच्या तोंडावरचं बंदर, पोटात दगडी भुयारी नाल्यांचं जाळं, कडेला मैलभर मिठागरं.

पायरी पहिली: राक्षसाचं वेळापत्रक लिहा

रूप नंतर ठरवा. दात किती, डोळे कुठे, अंगावर खवले की केस, याने पथकाच्या कामात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: तो येतो कधी, येतो कशासाठी, आणि त्याला काय जमत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नवखे लोक नेमका तोच गाळतात. ज्याला सगळंच जमतं त्याच्यापुढे शिकाऱ्याचं कौशल्य चालत नाही. तिथे एक तर योगायोग चालतो, नाहीतर नायकाचं नशीब.

खऱ्या नरभक्षकांच्या नोंदी वाचल्या की हे चटकन लक्षात येतं. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने तिला मारलं आणि नंतर तोंड उघडून पाहिलं, तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले होते. जुन्या गोळीची जखम. नेहमीची शिकार धरणं तिला अवघड झालं होतं, म्हणून ती माणसांकडे वळली, असा त्याचा निष्कर्ष. आता बघा, 'ती दुष्ट होती' या उत्तरातून पुढे काहीच निघत नाही. 'तिचे सुळे तुटले होते' म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो, गोळी कोणी घातली? तुमच्या राक्षसामागे असं एखादं कारण ठेवा, आणि ते पथकातल्या कोणाला तरी अवघड जाईल असं ठेवा.

खारवेसचा राक्षस म्हणजे गाळवा. तो खाडीतल्या गाळात राहतो आणि नाल्यांतून शहरात शिरतो. त्याची कातडी खाऱ्या पाण्याशिवाय तडकते, त्यामुळे खारं पाणी जिथवर चढतं तिथवरच त्याची हद्द. एवढं एक वाक्य ठरवलं की वेळापत्रक आपोआप तयार होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, पाणी जास्त वर चढतं, त्या रात्री धोक्याच्या. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी कमी चढतं, त्या रात्री पथकातली माणसं झोपतात, लग्नं करतात, भांडतात. पावसाळ्यात नदी गोड्या पाण्याने फुगलेली असते, खारं पाणी मागे रेटलं जातं, गाळवा बाहेरच राहतो. उन्हाळ्यात नदी आटली की खारं पाणी पार शहराच्या पोटात येतं. म्हणजे गाळव्याचा खरा हंगाम कडक उन्हाळा, तोही उधाणाच्या रात्री.

आता पथकात कोणकोण लागणार हेही दिसायला लागलं. सगळ्यात आधी लागणार घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून पाणी चाखणारा माणूस. कितव्या पायरीला पाणी खारट लागतं आणि कितव्या पायरीला मचूळ, यावर त्या रात्री कुठले नाले बंद करायचे ते ठरतं. झगा-तलवारीपासून सुरुवात केली असती तर हा चाख्या सुचला नसता.

पायरी दुसरी: नेहमीची फौज का चालत नाही?

शहराला फौज असते, कोतवाल असतो, रात्रीची गस्त असते. मग हे वेगळं पथक कशाला? या प्रश्नाचं ठोस उत्तर नसेल तर तुमचं पथक म्हणजे वेगळा गणवेश घातलेली पोलीस चौकी होऊन बसते.

इथे फ्रान्समधल्या जेव्होदाँचा प्रसंग मनापासून अभ्यासण्यासारखा आहे. १७६४ ते १७६७ या काळात त्या डोंगराळ भागात एका श्वापदाने शंभराच्या आसपास माणसं मारली, त्यात बायका-मुलं जास्त. आधी घोडेस्वार सैनिक आले. त्यांनी मोठाले हाकारे घालून रान उठवलं, हाती काही लागलं नाही. मग नॉर्मंडीहून लांडगे मारण्यात नाव कमावलेले बाप-लेक आले, तेही हात हलवत परतले. मग खुद्द राजाचा बंदूकधारी फ्राँस्वा आंत्वान आला. त्याने सप्टेंबर १७६५ मध्ये एक प्रचंड लांडगा मारला. त्या लांडग्यात पेंढा भरून तो व्हर्सायला दरबारात पाठवण्यात आला, आणि दरबाराच्या लेखी विषय संपला. डिसेंबरात पुन्हा माणसं मरायला लागली. शेवटी १९ जून १७६७ ला तिथल्याच झाँ शास्तेल नावाच्या माणसाने दुसरं जनावर मारलं आणि मग हल्ले थांबले. गंमत म्हणजे याच शास्तेलला आणि त्याच्या मुलांना आंत्वानच्या माणसांशी झालेल्या भांडणापायी मधल्या काळात तुरुंगात टाकलेलं होतं.

तुमच्या पथकाच्या जन्मकथेला लागणारा सगळा माल यात आहे. फौजेला संख्या असते पण भूभाग ठाऊक नसतो. बाहेरून आणलेल्या नामवंतांना तंत्र येतं, पण त्यांचं तंत्र दुसऱ्या जनावरासाठी घडलेलं असतं. दरबाराला बातमी हवी असते, काम झालं की नाही याच्याशी त्याला देणं-घेणं नसतं. आणि ज्याला माग काढता येतो तो गावातला भांडकुदळ माणूस असतो, ज्याच्यावर कोणी विश्वास टाकत नाही.

खारवेसमध्ये फौज नाल्यात उतरत नाही, कारण नाल्यात दोन माणसं शेजारी-शेजारी उभी राहू शकत नाहीत. ढाल-तलवारीची सगळी कवायत मोकळ्या मैदानावरची. म्हणून पहिलं पथक जन्मलं ते नाले साफ करणाऱ्या लोकांतून. त्यांना आतला प्रत्येक वळसा ठाऊक होता. पुढे दोनशे वर्षांनी त्याच पथकात सरदारांची मुलं भरती व्हायला लागली, आणि आपल्या संस्थापकांचा धंदा काय होता हे सांगायला त्यांना लाज वाटते. हा ताण मी मुद्दाम ठेवला आहे. 'उच्चभ्रू' पथक जन्मापासून उच्चभ्रू असेल तर ते सपाट वाटतं. खालून वर चढलेलं असेल तर त्याच्या पोटात काहीतरी दडवलेलं असतं.

पायरी तिसरी: पैसा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी वाटते. माझ्या मते निम्मी कथा इथेच मिळते, म्हणून इथे सावकाश चला.

पहिला पर्याय दर नगावर बक्षीस. राक्षसाचं डोकं आणा, मोहरा घेऊन जा. वाचायला झकास, पण व्यवस्था म्हणून पोकळ. १९०२ मध्ये व्हिएतनाममधल्या हनोईत तिथल्या फ्रेंच वसाहती सरकारने भुयारी गटारांतले उंदीर संपवण्यासाठी शेपटीमागे बक्षीस लावलं. शेपट्यांचा ढीग लागला. मग शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर फिरताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे तो पुन्हा पिल्लं घालेल आणि पुन्हा शेपट्या मिळतील. शहराबाहेर तर काहींनी उंदीर पाळायलाच सुरुवात केली होती. तुमच्या शहरात बक्षीस पद्धत असेल, तर कोणीतरी कुठेतरी राक्षस पाळतोच आहे असं धरून चाला. ही कल्पना फुकट आहे, वापरा.

दुसरा पर्याय कायमचा पगार. फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळात, नवव्या शतकाच्या सुरुवातीला, प्रत्येक स्थानिक अधिकाऱ्याने आपल्या हद्दीत दोन लांडगेमार ठेवावेत असा हुकूम निघाला होता. त्यातून फ्रान्समध्ये 'लूव्हतेरी' ही संस्था वाढत गेली. ती १७८७ मध्ये बंद झाली, १८०४ मध्ये नेपोलियनच्या काळात पुन्हा उभी राहिली. विसाव्या शतकात फ्रान्समधले लांडगे संपले, पण संस्था संपली नाही. लूव्हतेरीचे लेफ्टनंट रानडुकरं आणि इतर उपद्रवी प्राणी यांच्या बंदोबस्ताचं काम करत राहिले. मग १९९२ मध्ये इटलीकडून लांडगे परत आले. सुमारे अर्धशतक ज्या शत्रूच्या नावाने संस्था टिकली, तो एके दिवशी खरोखरच दारात हजर. तुमच्या कथेचा आरंभबिंदू म्हणून याहून चांगलं काही मला तरी सुचत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त फायदा त्यांनी पैसे द्यायचे. खारवेसमध्ये पथकाचा खर्च मिठागरांचे मालक उचलतात. शहरात त्यांच्याइतका पैसा कोणाकडे नाही, शिवाय मजूर मेले तर मीठ कोण ओढणार? पण मिठागरांना भरतीचं खारं पाणी आत यायला हवं असतं, आणि त्याच पाण्यावर गाळवा येतो. पथकाला वाटतं की उन्हाळ्यात वरच्या धरणातून गोडं पाणी सोडून नाले धुऊन काढावेत. मालकांना ते नको, कारण मीठ पातळ होतं. वरच्या खेड्यांनाही नको, कारण उन्हाळ्यात ते पाणी त्यांच्या शेताचं. म्हणजे गाळव्याचा कायमचा बंदोबस्त सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो कोणालाच परवडत नाही. पथकप्रमुखाला दर उन्हाळ्यात याच लोकांपुढे हात पसरावे लागतात.

बघा, अजून एकही तलवार उपसली नाही आणि कथेला पुरेल एवढं भांडण जमलं.

हिशेब अगदी नेमका मांडायची गरज नाही. तीन ओळी पुरतात: पैसा कोणाचा, तो कशावर खर्च होतो, आणि बंद पडला तर पहिला फटका कोणाला.

पायरी चौथी: शहराचा नकाशा राक्षसाच्या नजरेतून

नकाशा काढताना राजवाडा आणि बाजारपेठ आधी काढू नका. राक्षस जिथून आत येतो ती भोकं आधी काढा. भोकांजवळ कोण राहतं? जिथे भाडं कमी तिथे धोका जास्त, हे गणित सगळ्या शहरांना लागू. खारवेसमध्ये घाटाच्या सहाव्या पायरीच्या वरची घरं सुरक्षित, खालची नाहीत. लोक पत्ता विचारताना गल्ली विचारत नाहीत, 'कितव्या पायरीचे?' असं विचारतात. लग्न जमवताना तर हमखास विचारतात.

पथकाची ठाणीही नकाशावर मांडा. सम्राट ऑगस्टसने इसवी सन ६ मध्ये रोममध्ये आगी विझवायला आणि रात्रीची गस्त घालायला व्हिजिलेस नावाचं दल काढलं. शहराचे विभाग १४, दलाच्या तुकड्या ७, म्हणजे एका तुकडीकडे दोन विभाग. ही साधी वाटणी कथेत फार कामाची असते. दोन विभागांत एकाच वेळी धोका आला तर तुकडी कुठे जाणार? तुमच्या वाचकाला हे गणित आधीच माहीत असेल, तर घंटा दोनदा वाजल्याबरोबर त्याच्या पोटात गोळा येतो. त्यासाठी आणखी वर्णन करावं लागत नाही.

आणि रात्रीचे नियम ठरवा. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर दहशत घातली. सरकारी नोंदीत १२५ बळी. अंधार पडला की दारं बंद, मग बाहेर कोणी कितीही हाका मारो. तुमच्या शहरात रात्री दार वाजलं तर उघडतात का? न उघडणं हा नियम असेल, तर तो मोडावा लागेल असा एक प्रसंग कथेत असलाच पाहिजे.

पायरी पाचवी: माणसं कुठून येतात आणि जातात कुठे

पथकात भरती का व्हावं? शौर्यासाठी, हे उत्तर एखाद-दुसऱ्या पात्रापुरतं ठीक. पूर्ण पथक त्यावर चालत नाही. रोमच्या व्हिजिलेसमध्ये मुख्यतः गुलामीतून मुक्त झालेले लोक असत, आणि इसवी सन २४ च्या कायद्याने सहा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळू लागलं. सहा वर्षं आगीत आणि अंधारात काढा, मग नागरिक व्हा. असा सौदा तुमच्या पथकातही ठेवा. पाच वर्षं अकरा महिने झालेला माणूस उधाणाच्या रात्री नाल्यात उतरायला का कचरतो, हे मग तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

उलट बाजूही पाहा. ऑटोमन साम्राज्यातले जॅनिसरी सुरुवातीला ख्रिस्ती घरांतून उचलून आणलेल्या मुलांतून घडवले जात. लग्नाला बंदी, बराकीत मुक्काम, निष्ठा फक्त सुलतानाशी. सोळाव्या शतकात लग्नाचा नियम सैल झाला. मग पोरं झाली, मग पोरांना भरती करून घेण्याची मागणी आली. कधीकाळी जगातलं धाकदार पायदळ असलेली ही फौज हळूहळू वंशपरंपरागत हक्क सांगणारी आणि सुलतान बदलणारी टोळी झाली. १८२६ मध्ये सुलतान महमूद दुसरा याने त्यांच्या बराकीवर तोफा डागून ती मोडून काढली. एक नियम सैल झाल्याचे परिणाम इतक्या लांब जातात. तुमच्या पथकाचा असा कुठला नियम सध्या सैल होतो आहे, ते ठरवून ठेवा.

निवृत्ती विसरू नका. म्हातारा शिकारी काय करतो? खारवेसमध्ये चाख्यांची जीभ काही वर्षांनी मरते, त्यांना खारट-गोड कळेनासं होतं. हे कबूल केलं तर नोकरी जाते. म्हणून काही जण अंदाजाने सांगतात.

पायरी सहावी: हुद्दे थोडे ठेवा

महागुरू, उपमहागुरू, छायाप्रमुख, रात्रपाल, चंद्रपाल अशी उतरंड रचायचा मोह आवरा. वाचकाला चारपेक्षा जास्त हुद्दे लक्षात राहत नाहीत, आणि का राहावेत?

हुद्दा ठरवताना प्रश्न एकच: याच्या हातात अशी कोणती वस्तू आहे जी दुसऱ्याकडे नाही? शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एकाच दर्जाचे असत आणि तिघांनी मिळून कारभार करायचा असे. एकट्याने गड शत्रूच्या घशात घालणं त्यामुळे कठीण. हीच युक्ती उचला. खारवेसमध्ये नाल्यांच्या किल्ल्या एकाकडे, हत्यारं दुसऱ्याकडे, रोजनामा तिसऱ्याकडे. नाल्यात उतरायचं तर तिघांची सही. एक जण रुसला, आजारी पडला किंवा विकला गेला, की उधाणाच्या रात्री दार उघडत नाही.

माझा जीव मात्र रोजनामा लिहिणाऱ्या कारकुनावर आहे. तलवारबाज सगळेच लिहितात. जो माणूस कधी नाल्यात उतरला नाही पण ज्याच्याकडे दोनशे वर्षांच्या नोंदी आहेत, त्याला कधी ना कधी आकड्यांत असं काहीतरी दिसतं जे शिकाऱ्यांना दिसत नाही. त्याच्यासाठी एक पान लिहून बघा. असं काहीसं:

'अमावस्या. मध्यरात्रीच्या भरतीला पाणी पाचव्या पायरीवर खारट, सहाव्यावर मचूळ. कंदील बारा नेले, अकरा आले. भाला एक मोडला. घाटावर चप्पल एक, डाव्या पायाची, लहान. मालक विचारायला आलेला नाही. तिसऱ्या नाल्याची जाळी वाकली आहे, आतून.'

शेवटचा शब्द कारकुनाने सवयीने लिहिला. त्याला त्याचा अर्थ कळलेला नाही. वाचकाला कळतो.

पायरी सातवी: हत्यारं

हत्यार राक्षसाच्या सवयीतून यायला हवं. रानडुकराच्या भाल्याला पात्यामागे एक आडवी पट्टी असते. कारण भाला आरपार गेला तरी डुक्कर थांबत नाही, तो भाल्यावरूनच पुढे सरकत शिकाऱ्यापर्यंत पोचतो. पट्टी त्याला हातभर लांब अडवून धरते. त्या एका पट्टीत डुकराचा सगळा स्वभाव आला. तुमच्या पथकाच्या हत्याराकडे पाहून ज्याने राक्षस पाहिलेला नाही त्यालाही राक्षसाचा अंदाज यायला हवा.

प्रत्येक हत्याराला एक खोट ठेवा: जड आहे, भिजलं की निकामी होतं, एकदाच चालतं, दोघांनी मिळून धरावं लागतं. खारवेसचे लोक गोड्या पाण्याच्या पखाली पाठीवर बांधून उतरतात. गाळव्याच्या अंगावर गोडं पाणी पडलं की कातडी तडकते. पण पखाल रिकामी होते, आणि पाठीवर भरलेली पखाल घेऊन अरुंद नाल्यात वळता येत नाही. म्हणजे एकदा आत गेलं की पुढेच जायचं.

जादू असेल तर तिलाही हाच नियम.

पायरी आठवी: पथक कधी नासतं

टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या सरदारांचा पंथ १११९ च्या सुमाराला जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी निघाला. यात्रेकरूंचे पैसे सांभाळता सांभाळता ते सावकार झाले. १२९१ मध्ये अक्रा हे ख्रिस्ती फौजांचं ठाणं पडलं आणि पवित्र भूमीतलं त्यांचं मूळ कामच संपलं. पैसा मात्र उरला. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप त्यांचा कर्जदार होता. १३ ऑक्टोबर १३०७ ला त्याने फ्रान्सभरच्या टेम्पलरांना एकाच दिवशी पकडलं, आणि १३१२ मध्ये पोपने पंथ बरखास्त केला.

काम संपलं आणि ताकद उरली, तर शहराच्या दृष्टीने तोच नवा राक्षस. तुमचं पथक या प्रवासात आत्ता कुठे उभं आहे ते ठरवा: नव्याने निघालेलं, भरात आलेलं, की शत्रू विरळ झाल्यावर जुन्या पुण्याईवर जगणारं. मला तिसरी अवस्था आवडते, पण नवख्याने दुसरी घ्यावी. भरात असलेल्या पथकाची दैनंदिनी दाखवणं सोपं, आणि तडे कुठे पडतात हे लिहिता लिहिता आपोआप सापडतं.

पायरी नववी: हे सगळं कागदावर कसं आणायचं

जमवलेल्या माहितीतली फार तर एक-दशांश वाचकापुढे येऊ द्या. पहिल्या प्रकरणात पथकाचा दोनशे वर्षांचा इतिहास सांगणारा म्हातारा गुरू बसवू नका. त्याऐवजी नवीन भरती झालेल्या मुलीला पायऱ्यांवर उभं करा, तिच्या हातात वाटी द्या, आणि म्हाताऱ्या चाख्याला म्हणू द्या, 'थुंकू नकोस, गिळ. थुंकलं की नीट कळत नाही.' ती गिळते, तोंड वाकडं करते, आणि म्हणते, 'सहावी पायरी. खारट आहे, काका.' म्हातारा म्हणतो, 'मचूळ आहे. लिहून घे.' आता यातलं कोण बरोबर? हा प्रश्न प्रकरण संपेपर्यंत उघडा ठेवा.

खेळ चालवणाऱ्यांनी मात्र उलट वागावं. खेळाडूंना नियम उघड सांगा: पाणी कुठवर चढलं, नाले किती, पखाली किती, किल्ल्या कोणाकडे. खेळाडूंना निर्णय घ्यायचा असतो आणि माहितीशिवाय निर्णय म्हणजे फाशांचा जुगार. लपवायची असेल तर एकच गोष्ट लपवा, वाकलेली जाळी. पहिल्या बैठकीला एक उधाण पुरतं. दुपारी पाणी चाखणं, संध्याकाळी तिघांच्या सह्या मिळवणं, रात्री नाला. सह्या मिळवण्यातच खेळाडू दोन तास घालवतील. घालवू द्या.

आता राहिला झगा. आणि चिन्ह, आणि शपथ, आणि पथकाचं नाव. हे सगळं एका बैठकीत उरकतं, कारण आता तुम्हाला उत्तरं ठाऊक आहेत. नाव दोन ठेवा, एक सनदेवरचं आणि एक रस्त्यावरचं. खारवेसच्या सनदेत ते 'उधाणरक्षक' आहेत, लोक त्यांना 'कंदीलवाले' म्हणतात, आणि सहाव्या पायरीखालचे लोक आणखी काहीतरी म्हणतात जे पथकासमोर म्हणत नाहीत. झगा तर नाहीच, नाल्यात झगा भिजून जड होतो. तोकडी बंडी, गुडघ्यापर्यंत तेल लावलेलं कातडं, आणि गळ्यात दोरीला बांधलेली चाखायची वाटी. वाटीवर नंबर कोरलेला असू द्या. प्रेत सापडलं नाही तर निदान कारकुनाला लिहायला काहीतरी लागतं.